देवकाबाई आणि मोठं गिऱ्हाईक

"मी लांब बोलले. तू आखूड बोललास. बाकीचं कुठं गेलं?"

देवकाबाई भोये हे एका द्राक्ष कंपनीच्या मॅनेजरला म्हणाली, तेही दिंडोरीजवळच्या त्याच्याच पॅकहाऊसमध्ये आणि परदेशी पाहुणीच्या देखत. तिची माझी ओळख झाली ती या वाक्यामुळे. मी तेव्हा तिथे नव्हते. नंतर ही गोष्ट तिच्या टोळीतल्या प्रत्येक बाईने मला स्वतंत्रपणे सांगितली, आणि प्रत्येकीने मॅनेजरच्या चेहऱ्याची नक्कल वेगळी केली.

झालं होतं असं. ही कंपनी दिंडोरी भागातल्या बागायतदारांकडून द्राक्षं घेते, डब्यांत भरते आणि जहाजाने बाहेर पाठवते. तिकडच्या दुकानांची एक मोठी साखळी हे तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्या साखळीची एक अधिकारी बाई मजुरांची हालहवाल बघायला आली होती. बागेत काम करणाऱ्या बायकांना रांगेत बसवलं होतं, आणि काय बोलायचं ते आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. देवकाबाईची पाळी आली तेव्हा ती सांगितलेलं सोडून भलतंच बोलली. बागेत प्यायला पाणी मिळत नाही, आडोसा नाही, औषध फवारलेल्या दिवशीच आत पाठवतात, आणि एकरी दर कित्येक हंगाम तिथल्या तिथे आहे, असं सगळं. चांगलं पाच मिनिटं बोलली. मॅनेजरने इंग्रजीत एक ओळ सांगितली. त्यावर देवकाबाईने त्याला लांब-आखूडचा सवाल केला, आणि रांगेतल्या बायका पदर तोंडाला न लावता हसल्या.

पाहुणीला इंग्रजीखेरीज काही कळत नव्हतं, पण हसणं कळलं. तिने बैठक तिथेच थांबवली आणि कंपनीबाहेरचं कोणीतरी दुभाषी हवं म्हणून अडून बसली. मी नाशिक रोडला राहते, भाषांतराची आणि दुभाष्याची कामं करते. कोणाकडून तरी माझा नंबर तिच्यापर्यंत पोचला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिंडोरीच्या रस्त्याला लागले.

पॅकहाऊसच्या अंगणात बायका बसल्या होत्या. त्यांतली देवकाबाई कोणती हे विचारावं लागलं नाही. बाकीच्या जमिनीवर होत्या, ही एका पालथ्या क्रेटवर. साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोळ्यांत काजळ, तेल लावून चापून बसवलेले केस. पन्नाशीची असेल. अंगाने काटक, आवाजाने भरदार.

"मालक खुर्चीवर बसला तर मी क्रेटवर बसते," ती मला पुढे एकदा म्हणाली. "उभ्यानं बोलायचं नाय. उभ्या माणसाला लोक जा म्हणतात. बसलेल्याला उठवायला लागतं."

त्या दिवशी तिने आधी माझी परीक्षा घेतली. पाहुणीकडे बघत, मला म्हणाली, "हिला सांग, आमची द्राक्षं जहाजात थंडगार हवेत बसून जातात. आम्ही पिकअपात उभ्यानं येतो, एकमेकीच्या पायावर पाय. पुढच्या जन्मी मला द्राक्षाचा मणी व्हायचाय."

मी जसंच्या तसं सांगितलं. पाहुणी हसली. मग तिचं हसू मावळलं आणि तिने मान खाली घातली.

"आधी हसली, मग गप झाली," देवकाबाई टोळीला म्हणाली. "बराबर पोचतंय. बोला आता."

तिची वस्ती सुरगाण्याच्या पलीकडे, डोंगरात. भात, नागली निघाली की दिवाळीनंतर तिकडची माणसं दिंडोरी, निफाडकडे उतरतात. बागेची छाटणी होते, मग मान वर धरून घडांतले जादा मणी कात्रीने काढायची विरळणी, मग एकेक घड औषधात बुडवायचा, मग तोडणी. बायका सकाळी अंधुक उजेडात चौकात येऊन थांबतात. बागायतदार येतो, टोळीशी दर ठरवतो, घेऊन जातो. देवकाबाई लहानपणापासून हेच करत आली होती. टोळी तिची होती, पण तिला मुकादम म्हटलेलं चालत नसे. "मुकादम टोळी खातो. मी भाकर खाते," असं म्हणायची.

तिच्या बोलीत अहो-जाहो नव्हतंच. बागायतदार असो, फौजदार असो, सगळ्यांना तू. मॅनेजरला ते फार लागे. एकदा त्याने तोंडावर विचारलं, "जरा मान देऊन बोलता येत नाही का?"

"देवाला आम्ही तू म्हणतो," ती म्हणाली. "तुला आणखी काय म्हणू?"

आणि मी पहिल्या दिवशी तिला "तुम्ही" म्हणाले तेव्हा तिने मागे वळून पाहिलं. "मी एकलीच हाय. दोघीतिघी असल्यासारखं काय बोलते?" तेव्हापासून मी तिला अगं-तुगं करते. इथेही तसंच लिहिते आहे. वाचणाऱ्यांनी त्यात कमीपणा वाचू नये.

ती गोड स्वभावाची नव्हती, हेही सांगायला हवं. चौकात यायला उशीर केलेल्या बाईला ती सगळ्यांसमोर झाडायची. कोणी मधेच बोललेलं तिला खपत नसे. मुलीच्या सासरी जेवताना कोणीतरी काहीतरी बोललं म्हणून ती वर्षभर त्या घराची पायरी चढली नव्हती, आणि काय बोललं होतं ते तिला आता आठवतही नव्हतं. "पण बोलले होते," एवढं मात्र पक्कं. नारिंगी रंगाचं कोल्ड्रिंक तिला फार आवडे. ते ती कोणाला उष्टं देत नसे. एकटीने, रस्त्याकडे तोंड करून, शेवटच्या थेंबापर्यंत पिई.

पहिल्या वर्षी पाहुणी "बघते" म्हणून गेली. तिने बघितलंही असेल. पुढच्या हंगामात बागांच्या कडेला पाण्याचे निळे पिंप आले आणि इंग्रजी पाट्या लागल्या. दर मात्र होता तिथेच होता. कंपनीकडे गेलं की म्हणत, "मजुरी बागायतदार देतो, त्याला विचारा." बागायतदाराकडे गेलं की तो म्हणे, "मला डब्याला कंपनी काय देते ते आधी विचारा."

देवकाबाई ज्यांच्या बागेत सगळ्यात जास्त राबली ते माधवराव मोहाडीच्या बाजूचे. बाग बेताची. तोंडाने फटकळ, मनाने वाईट नाही. दोघांचं दर वर्षी दरावरून भांडण होई आणि भांडण संपलं की माधवरावांच्या घरून चहाची किटली येई. त्या हंगामात तोडणी तोंडावर आली आणि टोळीत बसायची, म्हणजे काम बंद करायची, भाषा सुरू झाली. यशोदा नावाची एक तरणी, तिखट बाई होती टोळीत. तिचं म्हणणं सरळ होतं.

"घड तयार हायेत. आता कात्री खाली ठेवली की चार दिवसांत मालक शुद्धीवर येईल."

मी त्या दिवशी पाहुणीचं एक पत्र वाचून दाखवायला गेले होते, म्हणून ही बोलाचाली माझ्यासमोर झाली. देवकाबाईने यशोदाला पहिल्यांदाच पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "मालक शुद्धीवर येईल, खरं हाय. मग काय करील?"

"दर देईल."

"कुठून देईल? त्याचा माल पडला तर कंपनी पलीकडच्या बागेतून घेईल. कंपनीचं काय जातंय? मालक मरंल, आपण उपाशी मरू, आणि डबा तिकडं वेळेवर पोचंल."

"मग काय करायचं? गप बसायचं?"

"गप नाय बसायचं. शेवटी खातं कोण, त्याला जाऊन विचारायचं. जो खातो त्याच्या ताटाशी जाऊन बसायचं. मधल्यांशी भांडून माझी उमर गेली."

यशोदाला ते पटलं नाही. "म्हातारी भ्याली," असं म्हणून ती निम्मी टोळी घेऊन टोमॅटोच्या कामाला निघून गेली. देवकाबाई उरलेल्या बायकांना घेऊन माधवरावांची तोडणी पुरी करून आली. पण तोडणीच्या शेवटच्या दिवशी बायका गाडीत बसून घरी गेल्या नाहीत. कंपनीच्या फाटकासमोर जाऊन बसल्या, भरलेले ट्रक अडतील अशा. "माल तोडला, भरला, मालकाचं काम झालं," देवकाबाई वॉचमनला म्हणाली. "आता कंपनीचं आणि आमचं." दिवसभर बसल्या. संध्याकाळी मॅनेजरने हात जोडून पुढच्या हंगामात बघतो म्हटलं, आणि त्या उठल्या.

पुढच्या हंगामात त्याने खरंच बघितलं. दिवाळीनंतर देवकाबाईची टोळी चौकात येऊन उभी राहिली आणि तिला कोणी नेईना. शेजारच्या टोळ्या उचलल्या जात होत्या, ती तशीच. ज्याच्या बागेत ही बाई दिसेल त्याचा माल घेणार नाही, असा निरोप कंपनीकडून फिरला होता. लेखी काही नव्हतं. असलं कधी लेखी नसतं.

मी तिला त्या दिवसांत चौकात पाहिलं आहे. मी वणीला एका कामासाठी जात होते. सकाळचं ऊन वर आलं होतं, चौक रिकामा झाला होता. ही पाच-सहा बायकांसह पानटपरीच्या कठड्यावर बसलेली, काजळ घातलेलं, शर्ट धुतलेला. मी म्हटलं, "देवका, घरी तरी जा. दुसऱ्या तालुक्यात बघ."

"इथून मी गेले की ते म्हणतील, गेली. रोज बघू दे मला. रोज गाडी माझ्यासमोरनं न्यायला लागते त्यांना, मान वळवून. मान दुखंल एक दिवस."

मी तिथे असतानाच माधवरावांची मोटारसायकल आली. त्यांनी ती जरा लांब उभी केली, पायी आले.

"देवका, माझा नाइलाज आहे गं," ते म्हणाले. "माल नाकारला तर मी कुठे जाऊ?"

"मला ठाव हाय."

"तुझ्याइतकी विरळणी कोणाची होत नाही. यंदा घड दाटले आहेत माझे."

"दाटू दे. तुझ्याशी माझं भांडण नाय, माधवा. तुझ्याशी असतं तर तुझ्या दारात आले असते. जा, कोणी बघंल."

ते गेले. जाताना त्यांनी चहाचे पैसे टपरीवाल्याला देऊ केले. तिने हाताने नको अशी खूण केली. टोळीतल्या एकीने हळूच विचारलं, घरी निघायचं का. तेव्हा म्हणाली, "हात रिकामे हायेत, दिवस मोकळा हाय. चला, शहर बघून येऊ."

शहर म्हणजे नाशिक, आणि त्यातही एक मॉल, जिथे कंपनी आपल्याच नावाच्या पारदर्शक डब्यांत द्राक्षं विकत असे. ही खबर यशोदाने आणली होती. टोमॅटोच्या कामावर तिलाही असाच अनुभव आला होता. तिथला माल सॉसच्या कारखान्याला जायचा आणि दर विचारला की तिथेही हाच टोलवाटोलवीचा खेळ. ती परत आली ती माफी न मागता. देवकाबाईनेही मागितली नाही. "जेवली का?" एवढंच विचारलं. यशोदा नाही म्हणाली, आणि नागलीची भाकर मोडून दोघींत झाली.

रविवारी सकाळी माझा फोन वाजला. "इंग्रजीवाली, मॉलला ये. बोलायचं काम नाय, नुसती ऱ्हा. कोणी इंग्रजीत शिव्या घातल्या तर कळायला पाहिजेत."

मी पोचले तेव्हा दहा-बारा बायका दारातच अडकल्या होत्या. सुरक्षारक्षकाने अडवलं होतं म्हणून नव्हे. त्याला तिने "गिऱ्हाईक हाय मी" म्हणून केव्हाच बाजूला केलं होतं. अडचण होती सरकत्या जिन्याची. फळांचा विभाग वरच्या मजल्यावर. आयुष्यभर डोंगर चढलेली देवकाबाई त्या जिन्यासमोर पाऊल पुढे-मागे करत उभी होती, घाबरून. यशोदा वरून हाका मारत होती. शेवटी देवकाबाई रक्षकाकडे वळली आणि म्हणाली, "ही पायरी थांबव नायतर दुसरी दाखव." त्याने तिला मागचा साधा जिना दाखवला, आणि ती अशी ऐटीत वर गेली की जणू तोच तिच्यासाठी राखून ठेवला होता.

वर द्राक्षांच्या मांडणीपाशी तिने एक डबा उचलला, पैसे भरून आली, पिशवीत टाकला आणि मांडणीच्या शेजारी उभी राहिली. त्या दिवशी मात्र उभी राहिली. बाकीच्या तिच्या दोन्ही बाजूंना. घोषणा नाही, फलक नाही. कोणी डबा उचलला की ती म्हणायची, "घ्या. चांगली हायेत. आमच्या हातची हायेत." माणूस थबकला की पुढचं सांगायची. विरळणी कशी होते, मान कशी धरते, दिवसाला काय पडतं, आणि विचारलं म्हणून काम कसं बंद झालं.

एक निवृत्त गृहस्थ होते, बायकोबरोबर आलेले. ते त्रासून म्हणाले, "मग काय आम्ही खाऊ नयेत का?"

"खावा की. तू नाय खाल्लीस तर माझं काय भलं होणार? फक्त विचारून खा. तो बघ, तिथं कोटवाला बसलाय. त्याला विचार, ही बाई म्हणते ते खरं का."

ते गृहस्थ खरोखर गेले. त्यांच्या मागोमाग आणखी दोघं गेले. यशोदा तोवर दुसऱ्या टोकाला एका घोळक्याला टोमॅटोचं सांगत होती, आणि खरं सांगायचं तर देवकाबाईपेक्षा चांगलं सांगत होती. देवकाबाईने ते ऐकलं, आणि मधे बोलली नाही. कॉलेजातली एक मुलगी मोबाईलवर सगळं टिपत होती. मॉलच्या माणसांनी पोलिसांना बोलावलं.

फौजदार आला. त्याने विचारलं, "कोणती संघटना?"

"संघटना नाय. गिऱ्हाईक," देवकाबाईने पिशवीतला डबा काढून दाखवला. "पैसे भरलेत. पावती हाय."

"मग इथे उभं राहून काय चाललंय?"

"माल कसा हाय ते सांगते. माल विकायला मदतच करते मी त्याची."

फौजदाराला हसू आवरेना. तरी सगळ्यांना चौकीवर न्यावं लागलं. तिथे चहा मिळाला, नावं लिहून घेतली गेली, दुपारी सोडलं. चौकीच्या बाहेर सावलीत बसून देवकाबाईने तो डबा उघडला आणि सगळ्यांना वाटला. मीही दोन मणी घेतले. ती खात नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "लहानपणी पडलेला घड खाल्ला म्हणून मालकानं मारलं होतं. तेव्हापासून नाय खात. गोड हायेत का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "असणारच."

पुढच्या रविवारी त्या पुन्हा गेल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही. आत येऊ दिलं नाही तेव्हा गंगापूर रोडच्या फूटपाथवर उभ्या राहिल्या. त्या कॉलेजच्या मुलीचा भाऊ परदेशात शिकत होता, नेमका जिथे त्या मोठ्या गिऱ्हाइकाची दुकानं होती त्या देशात. बहिणीने पाठवलेलं चित्रण त्याने मित्रांना दाखवलं, आणि ती पोरं एका शनिवारी तिथल्या दुकानात जाऊन द्राक्षांच्या मांडणीपाशी उभी राहिली. त्यांनीही तिथल्या मॅनेजरला तेच विचारलं, ही बाई म्हणते ते खरं का. मग दुसऱ्या गावातल्या पोरांनी. देवकाबाईला मी हे सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसेना. मी फोनवर तिला तो फोटो दाखवला: बर्फात टोप्या घातलेली पोरं, हातात कागद, त्यावर तिचा चेहरा. तिने फोन जवळ-लांब धरून बघितलं.

"काजळ नीट आलंय," ती म्हणाली. मग फोन माझ्याकडे देऊन तोंड फिरवलं आणि पदराने डोळे पुसले, त्यात ते काजळ सगळं पसरलं.

हंगाम संपायच्या आत पाहुणी परत आली. या वेळी एकटी नव्हती. बरोबर तिचे वरिष्ठ होते. पॅकहाऊसच्या मोठ्या खोलीत बैठक बसली. लांब टेबल, एका बाजूला कंपनी आणि पाहुणे, दुसऱ्या बाजूला देवकाबाई, यशोदा आणि दोन टोळ्यांच्या बायका. आज सगळ्यांना खुर्च्या होत्या. कंपनीने बागायतदारांनाही बोलावलं होतं, मजुरी वाढली तर आम्ही बुडू असं त्यांनी म्हणावं म्हणून. माधवराव मागच्या रांगेत होते.

मी मध्ये बसले. देवकाबाईचं म्हणणं आतापर्यंत घासून साफ झालं होतं. मोठ्या गिऱ्हाइकाने डब्यामागे थोडं जास्त द्यावं, आणि ते जास्तीचं थेट मजुराच्या हातात पडावं. कोणी बोललं म्हणून कोणाचं काम बंद होऊ नये. तसं झालं तर गिऱ्हाइकाने कंपनीचा माल थांबवावा. आणि तक्रार ऐकायला कंपनीचा माणूस नको, टोळ्यांनी निवडलेल्या बायका हव्यात.

मॅनेजर गोड बोलला. म्हणाला, डब्यामागे जास्त द्यायला गिऱ्हाईक तयार आहे, आनंदाची गोष्ट आहे. त्यातून आपण कल्याण निधी काढू. मजुरांच्या पाड्यावर शाळेला रंग देऊ, दप्तरं वाटू, आरोग्य शिबिर घेऊ. पाहुणीचे वरिष्ठ माना डोलावू लागले. त्यांना ते आवडलेलं दिसत होतं. फोटो चांगले येतात.

देवकाबाईने माझं सांगून होईपर्यंत ऐकलं.

"शाळेला रंग सरकार देईल. नाय दिला तर मी सरकारशी भांडीन, ते माझं मी बघीन. पोराला दप्तर मी घेईन. हे माझ्या मानेचे पैसे हायेत. माझ्या मानेच्या पैशातनं मला दप्तर देणार, वर फोटो काढणार, आणि मी हात जोडायचे? दान नको मला. दाम दे."

शेवटचे शब्द इंग्रजीत कसे नेले ते आता आठवत नाही. पण वरिष्ठांच्या माना डोलायच्या थांबल्या. कंपनीच्या माणसाने मग बागायतदारांकडे वळून विचारलं, की तुमचं काय म्हणणं आहे ते सांगा.

माधवराव उठले.

"मी एवढंच म्हणतो," ते म्हणाले, "तिकडे डबा केवढ्याला विकता आणि मला केवढ्याला घेता, ते आज इथे पाहुण्यांसमोर बोलू या. मग मजुरी कोणाला बुडवते ते दिसेल. आणि यंदा या बाईला कामावर घेऊ नका म्हणून मला निरोप कोणी दिला, तेही मी सांगायला तयार आहे."

त्यांनी सांगितलं. मी भाषांतर केलं, लांबचं लांब.

देवकाबाईने मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं नाही. पण तिने आपल्या शेजारची खुर्ची पायाने जरा मागे सरकवली, आणि माधवराव पुढे येऊन त्या खुर्चीवर बसले.

त्या दिवशी सही झाली नाही. नंतर आणखी दोनदा बैठका झाल्या, एकदा मोडल्या. पाहुणीच्या वरिष्ठांना माल थांबवण्याची अट फार जड जात होती. देवकाबाई त्यावरून हलेना. "बाकीचं सगळं त्या एका अटीवर उभं हाय," असं म्हणायची. "ती काढली की उरतो तो कागद." तिकडे पोरं दुकानांत जात राहिली. अखेर मान्य झालं. सह्या होताना मॅनेजरने देवकाबाईपुढे शाईचा पॅड सरकवला. तिने तो परत सरकवला आणि पेन मागितलं. यशोदाने तिला सही शिकवली होती. अक्षरं वाकडी होती. मधे एक मात्रा राहिली होती, ती तिने नंतर कागद परत मागून दिली.

हे सगळं फार मोठं झालं असं नाही. ते एका गिऱ्हाइकापुरतं, एका कंपनीपुरतं झालं. त्या कंपनीच्या बागांत आता जास्तीचे पैसे बायकांच्या खात्यात पडतात, तक्रार यशोदा ऐकते, आणि मागे एका बागायतदाराने एका पोरीवर हात उचलला तेव्हा त्याचा माल खरोखर फाटकातून परत गेला. पण रस्त्याच्या पलीकडच्या बागेचा माल दुसऱ्या कंपनीला जातो, आणि तिथे सगळं पूर्वीसारखंच आहे. तिथल्या बायका कुंपणापलीकडून बघतात.

माधवरावांनी देवकाबाईला कायमचं काम देऊ केलं होतं. बाराही महिने बागेवर राहा, खोली देतो म्हणाले. तिने एक हंगाम तिथे काढला. मग एके सकाळी सांगून टाकलं, की यंदा येणार नाही.

गेल्या हिवाळ्यात मी निफाडकडे निघाले होते. रस्त्यात दुसऱ्या एका कंपनीच्या मोठ्या पॅकहाऊसच्या फाटकासमोर बायकांचा घोळका बसलेला दिसला, आणि रिक्षा जरा पुढे गेल्यावर मला तो आवाज ऐकू आला. मी उतरले. देवकाबाई वॉचमनच्या खोलीसमोर मांडी घालून बसली होती, आणि तिच्यामागे सगळ्या अनोळखी, नव्या बायका. केस आणखी पिकले होते. वॉचमन तिला परोपरीने समजावत होता, की साहेब आत नाहीत.

मी जवळ जाऊन म्हटलं, "देवका, मी थांबू का?"

तिने वर पाहिलं. ओळखीचं हसली, पण फाटकावरून नजर काढली नाही.

"जा तू तुझ्या कामाला," ती म्हणाली. "आत्ताशी मराठीत नाय म्हणतायत. इंग्रजीत नाय म्हणायला लागले की फोन करते."

आणि वॉचमनकडे वळून म्हणाली, "हां, सांग. साहेब कधी येतो?"